ज्ञान फुकट, झेरॉक्सचे दोन रुपये

आमच्या पिढीतल्या बहुतेक शाळांत ग्रंथालय म्हणजे एक कपाट असे. मुख्याध्यापकांच्या खोलीत, थोर पुरुषांच्या तसबिरींखाली, काचेच्या दारांचं आणि कुलूपबंद. पुस्तकं बाहेरून दिसत, त्यामुळे त्यांची नावं आम्हाला पाढ्यांसारखी पाठ होती. किल्ली ज्या सरांकडे, ते सर नेमके निवडणुकीच्या नाहीतर जनगणनेच्या ड्यूटीवर. तपासणीला साहेब आले की कपाट उघडे. साहेब एखादं पुस्तक हातात घेऊन 'वा, संग्रह चांगला आहे' म्हणत आणि कपाट पुन्हा बंद होई. मुलांच्या हातात दिली की पुस्तकं खराब होतात, असं त्यामागचं शास्त्र होतं. ते खोटं नव्हतं. कुणीच न वाचल्यामुळे ती पुस्तकं अगदी कोऱ्या अवस्थेत वाळवीला मिळाली.

ज्ञानाच्या बाबतीत आपली रीतच ही. गवय्याने चीज पूर्ण द्यायची नाही, वैद्याने मात्रा सांगायची नाही, आणि सुगरणीने मसाल्याची कृती देताना एक जिन्नस हटकून विसरायचा. त्याच्याही मागे गेलं तर कुणी शिकावं आणि कुणी शिकू नये हे जन्मावरून ठरवून मोकळा झालेला आपला समाज. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली, तेव्हा विरोधकांत शिकल्यासवरलेल्यांची वाण नव्हती. शिकण्याचं दार कुणी सताड उघडलं की आपल्या पोटात गोळा उठतो, हे दुखणं जुनं आहे.

त्यामुळे २००१ साली अमेरिकेतल्या एमआयटीने 'आमच्या अभ्यासक्रमांचं साहित्य आम्ही इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट देणार' असं जाहीर केलं, तेव्हा आपल्याकडच्या कुठल्याही समंजस गृहस्थाच्या मनात एकच प्रश्न आला असणार: 'मग फी कशाची घेतात?'

हा प्रश्न वाटतो तितका खुळा नाही. शिक्षणक्षेत्रातले मोठमोठे विद्वान गेली पंचवीस वर्षं त्याच्याभोवतीच घुटमळताहेत. माझ्या मते त्याचं उत्तर मराठी पालकाला एमआयटीच्या आधीपासून ठाऊक होतं. फी शिकवण्याची नसतेच. अर्धी बसवण्याची असते आणि अर्धी शिक्क्याची.

आपल्याकडे २००३ साली आयआयट्या आणि बंगळुरूची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स यांनी मिळून एनपीटीईएल हा इंटरनेटवरच्या फुकट व्याख्यानांचा उपक्रम सुरू केला. आयआयटीच्या प्रवेशपरीक्षेने ज्याला फाटकातूनच परत पाठवलं, त्यालाही आता आयआयटीतला प्राध्यापक घरी येऊन शिकवू लागला. कुठल्याही तालुक्याच्या गावच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलवर पेपरच्या आदल्या रात्री जाऊन पाहा. प्राध्यापकांनी चाळीस तास विलंबित लयीत उलगडलेला विषय मुलं दुप्पट वेगाने, द्रुत लयीत, पहाटेच्या आत संपवताना दिसतील. सरांचा खोकलासुद्धा द्रुत. गंमत अशी, की त्याच रात्री स्टाफ क्वार्टर्समध्ये त्या मुलांचे स्थानिक सरही हेच व्याख्यान बघत असतात. गुरू आणि शिष्य एकच ज्ञान, एकाच रात्री, एकाच वेगाने घेतात. फरक इतकाच की सकाळी एकाला फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागतं.

पुढे २०१७ साली 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचं सरकारी पोर्टल आलं आणि सरकारने 'फी कशाची?' हा जुना प्रश्न एकदाचा सोडवून टाकला. अभ्यासक्रम फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तर परीक्षेची फी भरा, ओळखपत्र घ्या आणि केंद्रावर हजर व्हा. म्हणजे शिका हवं तेवढं, पण शिकलात याचा पुरावा विकत मिळेल. कुणी याला नाक मुरडतं, मला मात्र हा व्यवहार अगदी ओळखीचा वाटतो.

तसं पाहिलं तर दार उघडण्याचं काम आपल्याकडे इंटरनेटच्या आधीच झालं होतं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ सालचं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद, आणि त्या काळात ही गंगा पोस्टाच्या पार्सलमधून घरोघर जात असे. कंडक्टर, अंगणवाडी सेविका, पोलीस, लग्नामुळे बारावीत अडकलेल्या सुना, अशी किती माणसं रात्रीची भांडी आवरून, ड्यूटी संपवून पदवीधर झाली. एवढं मोठं काम झाल्यावर समाजाने काय करावं? लग्नाच्या बैठकीत विचारावं: 'रेग्युलर की मुक्त?' मुलगी एका वेळी नोकरी, घर आणि अभ्यास सांभाळून बी.ए. झाली, हे ऐकून मुलाकडची मंडळी दिलगिरीच्या सुरात मान हलवतात. तीन वर्षं कँटीनमध्ये बसून रेग्युलर बी.ए. झालेला मुलगा शेजारी तोऱ्यात चहा पीत असतो.

खुल्या शिक्षणाचा इतिहास लिहिणारे एमआयटीपासून सुरुवात करतात. मी कॉलेजच्या फाटकासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानापासून करीन. सहा बाय आठचा गाळा, दोन मशीन, एक स्पायरल बायंडिंगचं यंत्र, कोपऱ्यात लॅमिनेशन आणि काउंटरवर जगातली सगळी विद्या. 'नोट्स कुणाच्या पाहिजेत? मॅडमच्या की टॉपरच्या?' मॅडमच्या स्वस्त, कारण त्यांना मागणी कमी. दुकानदार स्वतः दहावीनंतर शिकलेला नसतो, पण विभागप्रमुखाला नसेल इतका त्याला अभ्यासक्रम कळलेला असतो. 'चौथं युनिट कशाला घेताय? तीन वर्षांत आलेलं नाही. पैसे वाचवा.' असं शैक्षणिक मार्गदर्शन मला कुठल्या विद्यापीठात मिळालं नाही. परीक्षेच्या दिवसांत आवाज खाली आणून तो आणखी एक शब्द उच्चारतो: 'मायक्रो?' त्या सेवेबद्दल इथे अधिक लिहिणं बरं नाही.

या दुकानाला न्यायालयानेही मान दिलेला आहे. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनविश्वातल्या तीन धेंडांनी दिल्ली विद्यापीठावर आणि आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाच्या दुकानावर दावा ठोकला. प्राध्यापकांनी नेमलेली प्रकरणं निरनिराळ्या महागड्या पुस्तकांतून काढून त्यांचा एकत्र गठ्ठा हे दुकान विद्यार्थ्यांना बांधून देई. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. कॉपीराइट हा काही दैवी किंवा निसर्गदत्त हक्क नव्हे, असंही सुनावलं. पुढे अपील झालं, थोडी ओढाताण झाली, आणि २०१७ साली प्रकाशकांनी दावाच मागे घेतला. शेकडो वर्षांची दोन विद्यापीठं एका बाजूला, टोनरने हात काळे झालेला माणूस दुसऱ्या बाजूला, आणि जिंकला कोण? जगभरच्या खुल्या शिक्षणाच्या परिषदांत ज्या माणसाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा, तो अजून 'सुट्टे द्या' म्हणत उभा आहे.

आता घराकडे वळू. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आला, त्यामागे सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत तेव्हा शिकवणारे रणजितसिंह डिसले गुरुजी आहेत. आधी आपल्या शाळेत त्यांनी ते करून दाखवलं आणि पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत हे कोड आले. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटण्याचं जाहीर केलं. जगात या औदार्याचं कौतुक झालं. आमच्या आळीत दोन दिवस 'अर्धे म्हणजे रुपयांत किती?' याचाच हिशेब चालला होता. साडेतीन कोटींच्या आसपास आकडा निघाल्यावर दोघेतिघे ओट्यावरच बसले.

कोड उत्तम आहे. अडचण पुढे सुरू होते. कोड स्कॅन करायला मोबाइल लागतो, आणि घरातला बरा मोबाइल बाबांचा असतो. बाबा येतात साडेआठला, फोनमध्ये चार टक्के बॅटरी घेऊन. मग चार्जरची वायर पुरेल तिथपर्यंत पुस्तक सरकवून, भिंतीला चिकटून, प्रकाशसंश्लेषण सुरू होतं. हरितद्रव्य पानात शिरतं न शिरतं तोच वरून चुलत्यांचं 'शुभ रात्री' उतरतं. पाठोपाठ पतसंस्थेच्या हप्त्याची आठवण, तिच्या पाठोपाठ कुणाच्या तरी बारशाचे सत्तेचाळीस फोटो. तासाभराने आई डोकावते तेव्हा मुलगा इंदूरमधली एक बाई एका वेळी हजार जिलब्या कशी तळते ते पाहत असतो. 'अभ्यास झाला का?' 'हो, स्कॅन केलं.' पूर्वी मुलं 'वाचलं' असं खोटं सांगत. आता निदान जे केलं तेच सांगतात, ही तंत्रज्ञानाची देणगी म्हणायला हवी.

त्यातून 'बालभारती'च्या पुस्तकांना मध्येच आणखी एक खुला विभाग मिळाला होता. दप्तराचं ओझं कमी व्हावं, वेगळी वही लागू नये म्हणून २०२३-२४ पासून पुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पानं घातली गेली. पुस्तकं जाड झाली, वह्या दप्तरातून हलल्या नाहीत, आणि २०२५ साली पानांची ही योजना गुंडाळण्यात आली. माझ्या भाच्याचं मत वेगळं आहे. त्याच्या मते आख्ख्या पुस्तकात तेवढाच भाग त्याला पूर्ण समजला होता.

टाळेबंदीच्या काळाबद्दल फार बोलू नये, इतकं त्यावर बोलून झालंय. फक्त एका उपेक्षिताची आठवण काढतो. सगळं जग लिंक, पासवर्ड आणि 'सर, तुमचा आवाज तुटतोय' यांत गुरफटलं असताना २०२० साली सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' नावाची मालिका लागत असे. ओटीपी नाही, डेटा नाही, म्यूट-अनम्यूट नाही. टीव्ही लावायचा की शिक्षण सुरू. एवढं सोपं असल्यामुळे ते कुणाला आधुनिक वाटलं नाही.

सगळ्यात करुण आणि सगळ्यात विनोदी जागा म्हणजे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी. २०१५ च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासननिर्णय आला, शाळा डिजिटल करायची लाट उठली, गावोगाव लोकवर्गणी निघाली. स्मार्ट बोर्ड आला, त्याला हळदकुंकू वाहिलं, सरपंचांच्या हस्ते नारळ फुटला (बोर्डावर नव्हे, सुदैवाने) आणि धूळ बसू नये म्हणून त्यावर कापड आलं. ज्या शाळांत गुरुजी हौशी होते तिथे ते कापड रोज निघतं, पोरं बोर्डावर बोटाने ग्रहमाला फिरवतात, आणि ते दृश्य खरोखर पाहण्यासारखं असतं. बाकी ठिकाणी वीजबिल कुणी भरायचं यावर अजून विचारविनिमय चालू आहे.

पण गुरुजींचं खरं डिजिटल जीवन वर्गाबाहेर आहे. आज किती मुलं जेवली, ॲपवर टाका. झाड लावलं, अक्षांश-रेखांशासह फोटो टाका. (या फोटोसाठी एकच रोप वर्षानुवर्षं निरनिराळ्या मुलांच्या हातात उभं असलेलं मी पाहिलंय. मुलं वाढतात.) दुपारी ग्रूपवर निरोप येतो: 'अतितात्काळ. आज ४ वाजेपर्यंत माहिती न भरल्यास सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.' निरोप आलेला असतो पावणेचारला, आणि रेंज असते पाण्याच्या टाकीवर. मग गुरुजी टाकीवर, वर्ग मॉनिटरवर.

त्यात आधारची जुळणी. मुलीचं नाव आधारवर गौरी, पोर्टलवर गोरी. मुलगी समोर उभी आहे, तिसरीचे पाढे म्हणून दाखवते आहे, पण यंत्राच्या लेखी ती सिद्ध होत नाही. आणि हे हसण्यावारी नेता येत नाही, कारण आधार जुळलेल्या मुलांच्या आकड्यावर संचमान्यता होते आणि संचमान्यतेवर शिक्षकांची पदं ठरतात. एक मात्रा खाली पडली तर एक गुरुजी अतिरिक्त ठरून तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ शकतात. मराठी शुद्धलेखनाचं महत्त्व समाजाला पटवण्यात आमच्या बाईंना जे साधलं नाही, ते या पोर्टलने करून दाखवलं.

इकडे ज्ञान इतकं स्वस्त झाल्यावर क्लासवाले देशोधडीला लागायला हवे होते. झालं उलटंच. बारावीचं फिजिक्स, शून्यापासून शेवटपर्यंत, चांगल्यातल्या चांगल्या शिक्षकाकडून मोबाइलवर फुकट मिळतं. म्हणून आईवडील मुलाला लातूरला ठेवतात. खोलीचं भाडं, मेसचा डबा, क्लासची फी, अभ्यासिकेची फी वेगळी. अभ्यासिका हा या काळातला अस्सल शोध आहे. तिथे कुणी काही शिकवत नाही. एक खुर्ची, एक दिवा, दोन्ही बाजूंना प्लायवूड आणि समोर भिंत, एवढ्याचे महिन्याला पैसे. त्या प्लायवूडच्या आत बसून मुलगा काय करतो? मोबाइलवर तेच फुकटचं फिजिक्स बघतो. वडिलांना विचारलं तर म्हणतात, 'घरी बसत नाही हो.' झालं. मी म्हटलं ना, फी बसवण्याची असते.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने याच दुखण्यावर फुकटचा इलाज काढला. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद. मुलांनी पुस्तक उघडायचं, मोठ्यांनीही गप्पा मारायच्या नाहीतर काही वाचायचं. कुठल्याही ॲपला जे जमलं नाही ते एका भोंग्याने केलं. पुण्यामुंबईचे पत्रकार तिथे गेले आणि त्यांनी या गोष्टीचे मोबाइलवर व्हिडिओ काढले. आता लोक संध्याकाळी सातच्या सुमारास ते आवडीने बघतात.

आणि आता हे चॅटजीपीटी. 'माझी आई' हा निबंध आमच्या वेळी गाईडातून येई. गाईडातली आई पहाटे पाचला उठत असल्यामुळे आख्ख्या वर्गाच्या आया पहाटे पाचला उठायच्या. पन्नास मुलांत मिळून एक आई. आता यंत्राला सांगितलं की प्रत्येकाला निराळी आई मिळते, फक्त स्वतःची मिळत नाही. शेजारच्या मुलाच्या निबंधातली आई 'केवळ आई नसून एक प्रेरणास्रोत' होती आणि ती 'मायेच्या रेशमी धाग्यांनी कुटुंब विणत' होती. ही बाई मी रोज जिन्यात मुलाला चप्पल फेकून मारताना पाहतो. तिचा नेम अप्रतिम आहे, पण त्याचा उल्लेख निबंधात कुठे नव्हता. निबंध तपासायला गेला. बाईंना चाळीस वह्या आणि पोर्टलवरची माहिती एकाच संध्याकाळी उरकायची होती, म्हणून त्यांनीही यंत्राचीच मदत घेतली. यंत्राने यंत्राला दहापैकी आठ दिले आणि खाली शेरा मारला: 'स्वतःचे अनुभव लिहावेत.'

खुलेपणाची शेवटची पायरी म्हणजे प्रमाणपत्रसुद्धा डिजिटल होणं. तेही झालं. २०१५ पासून डिजिलॉकर आहे, गुणपत्रिका मोबाइलमध्ये असते, तिला कायद्याने मूळ प्रतीइतकाच मान आहे. भाच्याच्या प्रवेशाच्या वेळी खिडकीतल्या साहेबांना मी फोन उघडून ती दाखवली. त्यांनी चष्मा वर करून कौतुकाने पाहिली. 'छान आहे,' म्हणाले, 'याची प्रिंट काढा, तिची झेरॉक्स काढा, दोन प्रती, आणि त्यावर सही करून आणा.' समोरच्या दुकानात गर्दी होती. दुकानदाराने न विचारता तीन प्रती काढल्या. 'एक राहू दे,' म्हणाला, 'पुढच्या खिडकीवर मागतात.'

या सगळ्या फुकट ज्ञानाचा ज्याला खरोखर लाभ झाला असं एक माणूस मात्र माझ्या माहितीत आहे, ते म्हणजे माझी मावशी. साठी उलटल्यावर तिने यूट्यूबवरून मोडी लिपी शिकायला घेतली. तिला कुणी बसवलं नाही, फी नव्हती, परीक्षा नव्हती. दुपारची वामकुक्षी सोडून ती जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजूवर अक्षरं गिरवत असे. मुलाने विचारलं, 'सर्टिफिकेट देतात का?' ती म्हणाली, 'नाही.' 'मग कशाला?' यावर तिने त्याला आमटी वाढली.

वर्षभरात तिला वाचता येऊ लागलं. गंमत म्हणून तिने सासरच्या पेटीतली, आजेसासऱ्यांच्या वेळची मोडी कागदपत्रं बाहेर काढली. तीन पिढ्यांत ती कुणाला वाचता येत नव्हती, त्यामुळे घरात कमालीचं सौख्य होतं. मावशीने चष्मा लावून एकेक ओळ वाचली आणि विहिरीजवळच्या आंब्यांसकट बांधाची जागा, जी चाळीस वर्षं धाकट्या दिरांच्या वहिवाटीत आहे, ती मुळात थोरल्या वाटणीची निघाली. गणपतीला सगळे जमले तेव्हा तिने ते सर्वांना वाचून दाखवलं. दीर शांतपणे ऐकत होते. मोदक संपवून, हात धुऊन ते म्हणाले, 'वहिनी, तुम्हाला मोडी येतं याचा काही कागद आहे का तुमच्याकडे? असला तर त्याची एक झेरॉक्स द्या.'